टर्की आणि बदकं झाडीत एकत्र ठेवायची का? तीन शंका, एकदम उत्तर

गेल्या आठवड्यात आलेले तीन प्रश्न एकमेकांत इतके अडकलेत की एकत्रच उत्तर देतो. एका भाऊंचं म्हणणं, घरामागे झाडी आहे, मधे एक डबकं आहे, आजवर तिथे कोंबड्या फिरायच्या, आता त्याच शेडमधे टर्की आणि बदकं दोन्ही ठेवली तर चालतील का. एका ताईंची टर्कीची पिल्लं आणल्यापासून चार दिवसांत एकेक करून मरतायत, समोर फीड पाणी भरलेलं असून. आणि तिसऱ्या भाऊंच्या बदकाच्या पिल्लांचे पाय वाकडे होतायत.

भाऊ, आधी तुमचं. तुमच्या प्रश्नात खरी गोम बदकांची नाहीच, "आजवर तिथे कोंबड्या फिरायच्या" या वाक्यात आहे. टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग होतो. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यातून या रोगाचा जंतू पसरतो, कोंबडीला बहुतेक वेळा काहीच होत नाही, ती टुणटुणीत फिरते पण विष्ठेतून ही अंडी जमिनीत सोडत राहते आणि ती दोन-तीन वर्षंसुद्धा जिवंत राहतात. शिवाय गांडुळं ती अंडी गिळतात आणि टर्की गांडुळं गिळते. झाडीतली जमीन ओली, पालापाचोळ्याची, म्हणजे गांडुळांचं माहेरघर. टर्की मलूल होऊन पंख पाडून उभी राहिली आणि गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली की समजायचं. मेलेल्या पक्ष्याचं लिव्हर बघितलं तर त्यावर गोल गोल खड्डे पडल्यासारखे डाग असतात, एकदा बघितले की विसरत नाही माणूस. यावर जी औषधं चालायची ती खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांना द्यायला बऱ्याच देशांत बंदी आहे, म्हणून उपचारापेक्षा जागा बदलणं हाच मार्ग. जिथे कोंबड्या कधी फिरल्या नाहीत असा कोपरा टर्कीला द्या, आणि कोंबड्या ठेवायच्याच असतील तर त्यांच्याकडे जाताना घालायचे बूट, त्यांचं फावडं, भांडी सगळं वेगळं.

आता बदकं. त्यांच्याकडून टर्कीला या रोगाची तेवढी भीती नाही, भांडण पाण्यावरून आहे. बदकाला नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी लागतं, नाहीतर डोळे आणि नाक घाण होऊन सुजतात, आणि पाणी दिलं की ते अर्ध्या तासात सगळीकडे चिखल करणार, त्याचा स्वभावच तो. टर्कीला नेमका तो ओलावा सोसत नाही. ओल्या तुसाला बुरशी धरते, ती श्वासात जाऊन पिल्लं धापा टाकायला लागतात. म्हणून रात्रीचं शेड वेगळंच, टर्कीचं वरच्या कोरड्या अंगाला आणि बदकांचं खाली डबक्याकडे, उतार उलटा नको म्हणजे पाणी टर्कीकडे वाहायला नको. दिवसा झाडीत थोडा वेळ दोघं एकत्र फिरले तर आभाळ कोसळत नाही, फक्त नर बदक टर्कीच्या मादीच्या मागे लागतंय का बघा, तसं दिसलं की लगेच वेगळं करा. चार-पाच बदक माद्यांमागे एकच नर बदक ठेवला की हा त्रास बराच कमी होतो.

ताई, तुमची पिल्लं रोगानं नाही, उपाशी मरतायत असं मला वाटतंय. टर्कीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लासारखं चटपटीत नसतं, त्याला खाणं पाणी दाखवावं लागतं. मी एकदा बघितलंय, काठोकाठ भरलेल्या ड्रिंकरला टेकून पिल्लू मरून पडलेलं. प्रत्येकाला हातात घ्या, चोच हलकेच पाण्यात बुडवा, मग फीडवर बोटानं टकटक करा, आई टोचते तसं. पाण्यात दोन-तीन चमकणाऱ्या गोट्या टाका, चमक बघून ती टोचायला येतात आणि पाणी पितात. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, मग आठवड्याला साधारण ३ अंश कमी. आकडा बघत बसू नका, पिल्लं बघा, बल्बखाली चिकटून बसली तर थंडी आहे, कडेला पसरून चोच उघडी ठेवली तर गरम होतंय. खाली पेपर नका घालू, गुळगुळीत असतो, पाय फाकतात ते नंतर नीट होणं कठीण. आणि फीड टर्कीचंच हवं, २८ टक्के प्रोटीनचं. ब्रॉयलरच्या फीडमधे कधी सॅलिनोमायसिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, कोंबडीला ते चालतं पण टर्कीला विष आहे, गोणीवरचं लेबल वाचल्याशिवाय घालूच नका.

पाय वाकडे होतात त्या भाऊंसाठी, बहुधा नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व कमी पडतंय. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा ते बरंच जास्त लागतं आणि कोंबडीच्या फीडमधे तेवढं नसतं. फीडमधे ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, सुकवलेलं) मिसळा, लवकर सुरू केलंत तर फरक पडतो, पाय पार वळल्यावर मात्र फारसा नाही, तेव्हा पशुवैद्यकाला दाखवून डोस विचारा. टर्कीचं २८ टक्क्याचं फीड बदकांना महिनोन्‌महिने देऊ नका, वाढ भराभर होते आणि पंख बाहेर वळतात.

तिघांनाही एक सांगतो. टर्की आणि बदक, दोघांनाही अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष कोंबडीपेक्षा जास्त बाधतं. १९६० साली इंग्लंडमधे लाखाहून जास्त टर्की पिल्लं मेली होती, कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' नाव ठेवलं, शेवटी निघालं काय तर बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड, बदकंही त्यात गेली. झाडीतल्या घरात गोणी थेट जमिनीवर ठेवली की खालून ओल धरते, फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब, आणि वास आला तर फेकून द्या, "थोडीच खराब आहे" म्हणून बदकांना घालू नका.

रात्री टर्की झाडावर चढून बसायला बघणार, लहानपणापासून संध्याकाळी आत हाकलायची सवय लावा आणि आत उंचावर बसायला जाड दांडी द्या. बदक जमिनीवर झोपतं, म्हणून त्याच्या शेडची जाळी १२ मिमीची, आणि कडेनं फूटभर जमिनीत गाडलेली, साधी कोंबड्यांची जाळी कोल्ह्याच्या दातांपुढे टिकत नाही. डबक्यात मेलेलं जनावर, कुजका पाला साचू देऊ नका, त्यातल्या अळ्या खाल्ल्या की बदकाची मान लुळी पडते. रानबदकं तिथे उतरत असतील तर बर्ड फ्लूचा धोका आहे, आपल्या पक्ष्यांचं पाणी आणि फीड झाकलेल्या जागी ठेवा.

आणि बदकं सकाळी ९ च्या आधी सोडू नका, अंडी ती पहाटेच घालतात, लवकर सोडलीत तर झाडीत अंडी शोधत फिरावं लागेल.