वाचकांचे प्रश्न : इंजिनाचे सुटे भाग घेताना खात्री कशी करावी?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची स्विफ्ट डिझेल आहे. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून काही क्षण साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो. टायमिंग चेनचे (व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून इंजिनात असलेल्या साखळीचे) किट बदलावे लागेल आणि इंजिन उघडलेच आहे तर पिस्टनच्या रिंग व बेअरिंगही नवीन टाकावीत, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. कार कंपनीच्या डब्यातील किट किंवा जवळपास निम्म्या किमतीचे ‘ओईएम’ (‘ओरिजिनल इक्विपमेंट मॅन्युफॅक्चरर’, म्हणजे भाग मुळात बनवणाऱ्या कंपनीचे) किट, असे दोन पर्याय त्याने दिले असून दोन्ही माल एकच असल्याचे तो सांगतो. यावर कितपत विश्वास ठेवावा?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे खरे असू शकते, पण ते खरे आहे की नाही हे तुम्हाला पडताळून पाहता येते आणि या कामात तरी ते पडताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तुमच्या गाडीत फियाटचे १.३ मल्टिजेट, म्हणजे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आहे. मारुतीसाठी ते मुख्यतः मानेसरला आणि फियाट व टाटांच्या गाड्यांसाठी आपल्या रांजणगावला तयार होत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत हेच इंजिन असल्याने त्याचे सुटे भाग कोणत्याही पेठेत मिळतात आणि मागणी मोठी असल्यामुळे नकली मालही भरपूर येतो.

इंजिनातील पुष्कळसे भाग कार कंपनी स्वतः बनवत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. रिंग, बेअरिंग, चेन, फिल्टर, व्हॉल्व्ह हे सारे पुरवठादार कंपन्यांकडून येते. त्यांतील बऱ्याच कंपन्या तोच माल स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतात आणि तो कार कंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. खरा ओईएम माल तो हाच. परंतु कोणत्याही कार कंपनीने कधी विकत न घेतलेल्या मालाच्या डब्यावरही ही तीन अक्षरे सर्रास छापलेली असतात. म्हणून दुकानदाराला ‘ओईएम आहे का?’ असे न विचारता ‘बनवणारा कोण?’ असे विचारावे. त्याने नाव सांगितले, त्या उत्पादकाच्या सूचीत तुमच्या इंजिनासाठी तोच पार्ट नंबर दिलेला असला आणि डब्यावर व प्रत्यक्ष भागावर तेच नाव असले, तर पुढचा विचार करावा. नाव सांगता येत नसेल तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ते किट तुमच्यासाठी नाही.

डब्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे छापलेले असणे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे बंधनकारक आहे. यातील काही गाळलेले असेल तर तो डबा तिथेच बाजूला ठेवावा. मात्र हे सर्व छापलेले आहे म्हणून आतला माल खरा, असे उलट मानू नये, कारण होलोग्रामचीही नक्कल होते. क्यूआर कोड असेल तर तो मोबाइलवर स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता खुद्द कंपनीच्याच संकेतस्थळाचा आहे का, तेही पाहावे. खऱ्या कंपनीचे रिकामे डबे नकली मालासाठी पुन्हा वापरले जातात, म्हणून काम झाल्यावर डबे गॅरेजमध्ये न सोडता फाडून टाकावेत. लेबल तेवढे बिलासोबत ठेवावे.

आता प्रत्यक्ष किटकडे वळू. चेन जुनी झाली की ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणलेल्या नसतात. शेकडो पिना आणि त्यांच्या भोवतीच्या जागा किंचित झिजतात आणि ती सगळी झीज एकत्र होऊन चेनची लांबी वाढते. पिनांचे पोलाद आणि त्यावरची उष्णता प्रक्रिया हलकी असेल, तर नवी चेनही लवकरच खडखडू लागते आणि हा दोष डोळ्यांनी दिसत नाही. चेन ताठ ठेवणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, त्यामुळे त्याच्या आतील छोट्या झडपेची गुणवत्ताही बाहेरून कळत नाही. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, रॉकर तुटतात आणि हेड उतरवण्याची वेळ येते. ज्याचा दोष बाहेरून दिसत नाही आणि जो मोडताना सोबतच्या दहा गोष्टी मोडतो, अशा भागात काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चेनचे किट कार कंपनीच्या डब्यातले घ्यावे किंवा नामांकित पुरवठादाराचे, बिलासह घ्यावे. किमतीची तुलना करण्याआधी दोन्ही किटमध्ये नेमके काय आहे तेही मोजावे, कारण स्वस्त किटमध्ये पुष्कळदा स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) नसतात. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर झिजते.

रिंग आणि बेअरिंगची गोष्ट वेगळी आहे, कारण ती मोजता येतात. जवळच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये बेअरिंगच्या प्रत्येक पाळीची (अर्धगोल तुकड्याची) जाडी मध्यभागी मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. एकाच मापाच्या संचातील पाळ्यांच्या जाडीत एक शतांश मिलिमीटरएवढा फरक आढळला तरी तो संच परत करावा. चांगली पाळी तिच्या घरात (बसण्याच्या खाचेत) अंगठ्याने दाबून बसवावी लागते आणि घर उलटे केले तरी ती गळून पडत नाही. सैल पडणारी पाळी क्रँकबरोबर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याबरोबर) फिरण्याचा धोका असतो. रिंग तपासताना ती सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या सपाट माथ्याने थोडी खाली सरकवावी, म्हणजे ती तिरकी राहत नाही. मग तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडावी. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडून रिंग सिलिंडर ओरबाडते आणि फार जास्त असेल तर दाब गळतो. सिलिंडरच्या खालून विजेरी धरल्यावर रिंगच्या कडेने कोठेही उजेड दिसू नये. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि ती ग्राहकासमोर करायला नकार देणाऱ्या मेकॅनिककडे इंजिन उघडू नये.

ही बदली मुळात आवश्यक आहे का, हेही विचारावे. चेन बदलण्यासाठी पिस्टन बाहेर काढावे लागत नाहीत. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) आणि तेलाचा दाब गेजवर मोजून ते योग्य निघाले आणि गाडी तेल खात नसेल, तर ‘उघडलेच आहे तर’ एवढ्या कारणासाठी कारखान्यात बसवलेल्या रिंग आणि बेअरिंग काढू नयेत.

प्रश्न : वॅगन-आर पेट्रोलसाठी कंपनीच्या नावाचा ऑइल फिल्टर ऑनलाइन फारच स्वस्तात मिळतो. साध्या फिल्टरमध्ये फरक तो काय पडणार?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : फरक पडतो, कारण फिल्टर म्हणजे केवळ डब्यात भरलेला कागद नव्हे. आत दोन झडपा असतात. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून एक रबरी झडप असते. कागद तुंबला किंवा तेल फार घट्ट असले तर इंजिन तेलाविना राहू नये म्हणून दुसरी झडप उघडते. नकली फिल्टरची रबरी झडप कडक पडली की रोज सकाळी तेल पोहोचेपर्यंत इंजिन कोरडे फिरते, आणि दुसऱ्या झडपेची स्प्रिंग कमकुवत असेल तर न गाळलेले तेल सतत इंजिनात जात राहते. यातले काहीही डॅशबोर्डवर दिसत नाही.

फिल्टर हातात घेऊन तोंडाकडील छिद्रांतून आत पाहिल्यास रबरी पडदा दिसतो. तो काडीने हलकेच दाबल्यावर मऊपणे आत जाऊन लगेच परत यायला हवा. आट्यांना खरखर किंवा पत्र्याचा कीस नसावा आणि सील खाचेत सर्व बाजूंनी सारखे बसलेले असावे. शंका असेल तर जुना खरा फिल्टर आणि नवा स्वस्त फिल्टर कापून शेजारी ठेवावेत. कागदाच्या घड्यांची संख्या आणि त्यांची जुळणी यांतील तफावत कोणालाही समजेल. वाचणारे पैसे एका वेळच्या तेलाच्या खर्चापुढे अगदी थोडे आहेत, म्हणून फिल्टर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

प्रश्न : डिझेल गाडीसाठी कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) घ्यावा का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : जुन्या बाजारातला सगळाच माल वाईट नसतो. इनटेक मॅनिफोल्ड, ब्रॅकेट, पुली, झाकणे असे धातूचे भाग तडा आणि वाक तपासून निश्चिंतपणे घ्यावेत. इंजेक्टर मात्र तसा घेऊ नये. कॉमन रेल (एकाच उच्चदाब नळीतून सर्व सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) पद्धतीच्या इंजेक्टरची सुई अतिशय बारीक मापांत काम करते. पुष्कळ इंजेक्टरवर अंक-अक्षरांचा एक कोड असतो आणि तो गाडीच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) स्कॅनरने भरावा लागतो. जुना इंजेक्टर बसवून कोड तसाच ठेवला तर इंधनाचे प्रमाण चुकते, इंजिन ठोकते, धूर येतो आणि इंजेक्टर सतत गळत असेल तर पिस्टनचा माथा वितळू शकतो. बॉशचा नाशिकचा कारखाना याच प्रकारचे डिझेल भाग बनवतो आणि अशा कंपन्यांची अधिकृत डिझेल सेवा केंद्रे आहेत. तिथे तुमचाच इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासून, नवे नोझल घालून, चाचणीचा छापील अहवाल घेणे अधिक सुरक्षित आहे. अहवाल न देणाऱ्या ‘रिकंडिशन’ इंजेक्टरची हमी केवळ तोंडी असते.

प्रश्न : बसवलेला भाग नकली निघाल्यास काय करता येते?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : पक्के बिल असेल तर बरेच काही करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. कर वाचवण्यासाठी बिल न घेण्याचा मोह आता तरी सोडावा. बिलावर पार्ट नंबर आणि उत्पादकाचे नाव लिहून घ्यावे, नुसते ‘चेन किट १ नग’ चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही. ज्या कंपनीच्या नावाची नक्कल झाली, तिलाही लेखी कळवावे, कारण नकलीविरुद्ध कारवाई करण्यात तिचाही स्वार्थ असतो. काढलेला भाग हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. त्याची छायाचित्रे काढून तो जपून ठेवावा आणि दुकानदाराने तपासणीसाठी मागितला तर तारीख, सही आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय देऊ नये.