झुडपं काढून झाली, आता काठाचं काय?

नदीकाठावरची घाणेरी आणि बेशरम उपटायचा तुमचा उत्साह पाहून खरंच आनंद झाला. पण पुढचा पट्टा काढण्याआधी थोडं थांबा. ही झुडपं परकी असली तरी त्यांच्या मुळांनीच सध्या माती धरून ठेवली आहे. पावसाच्या तोंडावर सगळा काठ उघडा केलात तर पहिल्याच पुरात तो वाहून जाईल. जेवढ्या भागात लगेच लागवड करता येईल तेवढाच मोकळा करा. तीव्र उतारावर खोडं उपटू नका. बुंध्याशी कापा आणि फुटवे येतील तसे खुडत राहा. बेशरमची कापलेली कांडी मात्र काठावर मुळीच सोडू नका, ओल मिळाली की ती रुजते.

लागवड पाण्याच्या रेषेपासून सुरू करा. बहुतेक जण वर मोठी झाडं लावतात, पण काठ ढासळतो तो पायथ्यापासून. तिथे लव्हाळे, बोरू ही पाणथळ गवतं आणि वाळुंज या नदीकाठच्या झाडाच्या जिवंत फांद्या हव्यात. फांदीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत, डोळे (कोंब फुटतात त्या जागा) वरच्या दिशेला. उघड्या मातीवर काथ्याची जाळी अंथरा. ती कुजेपर्यंत मुळं पकड घेतात. करंज, जांभूळ वरच्या टप्प्यावर.

रोपं शक्यतो त्याच नदीकाठच्या बियांची घ्या.

आणि निंदणी! घाणेरीचं बी मातीत काही वर्षं टिकतं, त्यामुळे किमान दोन-तीन पावसाळे फेरी मारावीच लागेल. हाताशी माणसं कमी असतील तर पट्टा लहान ठेवा, निंदणी टाळू नका.