बीएमआय 22.8, मशीन म्हणते चरबी 27 टक्के. शुगर आहे, मग हार्टचा धोका कोणत्या आकड्यावरून धरायचा?

तुम्ही लिहिलंय की वय 46, आठ वर्षांपासून शुगर, वजन 66 किलो, उंची 170 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 22.8. विजयनगरच्या जिममधल्या मशीनने चरबी 27 टक्के दाखवली, घरच्या काट्याने 23. यातला खरा आकडा कोणता, आणि हार्टचं कितपत घाबरायचं, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. इंदूरच्याच एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली, 2009 पासून शुगर आहे आणि 2016 मध्ये हार्टला दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या) बसले. म्हणजे मोजमापाची खोड जुनी आणि विषय घरचा. तुमच्या जागी मी असतो तर ते दोन्ही आकडे बाजूला ठेवले असते आणि शिवणाच्या डब्यातला टेप काढला असता.

आधी मशीनचं सांगतो. ती चरबी मोजतच नाही. तळव्यातून बारीकसा करंट सोडते आणि शरीर त्याला किती अडवतं ते बघते. स्नायूत पाणी जास्त, तिथून करंट सहज जातो, चरबीत अडतो. पुढचं सगळं सूत्र, त्यात तुम्ही भरलेलं वय, उंची, स्त्री की पुरुष हे घातलेलं. फक्त पायांनी उभं राहायच्या काट्यात करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, म्हणजे ज्या पोटाची चिंता तिथपर्यंत तो नीट पोचतही नाही. मी माझ्या काट्यावर वय दहा वर्षांनी वाढवून पुन्हा उभा राहिलो. पाच मिनिटांत माझी चरबी वाढली होती! पाणी प्यायलात, घाम गाळून आलात, जेवून उभे राहिलात की आकडा हलतो. शुगरवाल्यांचे तळवे पुष्कळदा कोरडे, भेगाळलेले असतात, त्यानेही फरक पडतो. आणि ते 'व्हिसरल फॅट (पोटाच्या आतली चरबी) लेव्हल 11' वगैरे जे येतं, तो कंपनीने आपापल्या पट्टीवर बसवलेला नंबर. किलो नव्हे, सेंटिमीटरही नव्हे. (कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी अशा मशीनवर चढूच नये.)

बीएमआयची गोष्ट वेगळी. तो चुकीचा नाही, पण त्याला मांडी आणि पोट यातला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. तपासणीत युडकिनसाहेबांची चरबी निघाली 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबीची, हे त्या एका पानात दिसतं. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 25 वरून 23 वर आणली आहे, आणि तुम्ही त्या रेघेच्या जेमतेम आत आहात.

माझं स्वतःचं सांगतो. वजन 61, उंची 165, बीएमआय 22.4. रामबागेत सगळे म्हणायचे, "भिया, तुम तो एकदम फिट हो." पँटचा नंबर पंचवीस वर्षं 34, त्याचाही अभिमान. पँट हळूहळू पोटाखाली सरकत गेली होती, हे लक्षात यायला कार्डिओलॉजिस्टची टेप लागली. पाय काड्यांसारखे आणि पोट मडक्यासारखं, असं आमची आजी ज्याला म्हणायची, तो मी झालो होतो. पोटाचा घेर 92, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून साडेनऊ सेंटिमीटर जास्त. छातीत एकदाही दुखलं नाही. जिना चढताना दम लागायचा. मी गॅस समजून महिनाभर ओवा खाल्ला. शुगर जुनी झाली की नसांची जाणीव बोथट होते, त्यामुळे हार्टचं दुखणं कधीकधी कळतच नाही. तुम्हालाही नेहमीच्या जिन्यावर नव्याने दम लागू लागला, तर टेप राहू दे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता माप. खालची शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरायची. शर्ट वर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर. टेप टेकलेली हवी, रुतलेली नको. बेंबी हा भरवशाचा खुणेचा दगड नाही, पोट सुटलं की तीही खाली जाते. तीनदा मोजा, सरासरी घ्या. आणि त्याआधी टेप स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. आमच्या घरची कापडी टेप इतकी वर्षं ओढून दीड सेंटिमीटर लांबली होती, म्हणजे ती मला खुशाल बारीक दाखवत होती.

भारतीय पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. याहून सोपं म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. तुमच्यासाठी 85. ढुंगणाच्या सर्वांत रुंद भागाचंही माप घ्या आणि पोटाच्या मापाला त्याने भागा, पुरुषांत 0.90 च्या वर गेलं तर बरं लक्षण नाही. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात (2005 मधला निष्कर्ष) हार्ट अटॅकशी या गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा बरंच घट्ट निघालं. मांडी-ढुंगणावरची चरबी तशी गरीब असते, एका जागी बसून राहते. पोटाच्या आत आतड्यांभोवतीची मात्र सतत वितळून थेट यकृताकडे जाते. मग ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी चढते, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पडतं, इन्सुलिन कमी काम करतं, रक्तवाहिन्यांची आतून सूज वाढते.

पण एवढं सांगून थांबलो तर तुम्ही टेपलाच देव कराल. शुगर असली की हार्टच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट होतो, तो पोट सपाट असलं तरी. आणि 2011 मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी एकत्र करून पाहिलं, तर ब्लडप्रेशर, शुगर आणि कोलेस्टेरॉल आधीच माहीत असेल तेव्हा बीएमआय किंवा पोटाचं माप जोडून धोक्याचा अंदाज फारसा सुधारला नाही. मला आधी हे चमत्कारिक वाटलं. मग कळलं, पोटाची चरबी बरंचसं नुकसान करते तेच मुळी या तिघांच्या हातून. तेव्हा 'धोका किती' हे विचारायला टेप नको. त्यासाठी वय, किती वर्षं शुगर, बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, घरात कुणाला लवकर अटॅक आला का, आणि लघवीतून प्रोटीन जातंय का हे लागतं. ही शेवटची तपासणी स्वस्त असून लोक सर्रास टाळतात. टेप दाखवते ती आपल्या हातात असलेली बाजू.

नुसतं वजन उतरवून सगळं सुटेल असंही नाही. अमेरिकेत 'लुक अहेड' नावाचा मोठा प्रयोग झाला, शुगर असलेले 5145 लोक, खाणं आणि व्यायाम कडक. वजन उतरलं, पण हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांचे मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत, म्हणून 2012 मध्ये तो थांबवला. डेन्मार्कच्या 'स्टेनो-2'मध्ये मात्र बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सवयी असं सगळं एकदम धरलं, तेव्हा हार्ट आणि रक्तवाहिन्यांचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. माणसं फक्त 160 होती, पण मला तो धडा पटला. पोट उतरतंय म्हणून स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

शुगर फार वाढलेली असतानाही वजन उतरतं, पण तेव्हा स्नायूही झिजतात. लोक पेढे वाटतात आणि पाय अजून बारीक होतात. म्हणून मी काट्यापेक्षा घेर आणि मांड्या यांच्यावर लक्ष ठेवतो. सकाळी नेहरू पार्कला चाळीस मिनिटं, जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटं, आणि आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि खिशात साखर ठेवा. पोहे सोडले नाहीत, शेव सोडली. खरं कठीण गेलं ते सराफा, आमच्या इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. दिवसा जिथे सोनं मिलिग्रॅममध्ये तोलतात, तिथेच रात्री आपण बेहिशेबी खातो; आणि थंडीत तळलेल्या गराडूचा (एक कंद) वास आला की माझा निश्चय आजही डळमळतो. वर्षातून दोनदा जातो, लपवत नाही.

दीड वर्षात वजन 61 चं 59 झालं, फक्त दोन किलो. घेर मात्र 92 वरून 86 वर आला. काट्याकडे बघत बसलो असतो तर केव्हाच कंटाळून सोडून दिलं असतं.

तुमचा घेर, ढुंगणाचं माप, शेवटचा बीपी आणि एलडीएल इथे लिहिलंत तर काय विचारायचं ते मी सांगू शकेन, उत्तरं तुमच्या डॉक्टरांचीच. टेप पट्टीला लावून बघायला तेवढं विसरू नका.