नागपुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन तास झोप येत नाही आणि सकाळी वॉर्डात डोळे मिटतात. झोपेची गोळी घ्यावी का?

गोळी नको. झोपेसाठी घेतात ते अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ या औषधांच्या यादीत येतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने ते द्यायलाच नको, हे फार्माकॉलॉजीत तुम्ही शिकला असाल. होस्टेलमध्ये ॲविल ही ॲलर्जीची गोळी खाऊन झोपणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तिची गुंगी सकाळी ड्युटी बदलताना होणाऱ्या हॅन्डओव्हरपर्यंत रेंगाळते आणि त्याच गुंगीत इन्सुलिनची युनिटं मोजायची असतात.

तुम्ही असंही विचारलंय की ताणामुळे झोप गेली की झोप नाही म्हणून ताण वाढला. मी नागपुरातच नर्सिंग केलं, नंतर काही वर्षं विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात उभी राहिले. माझ्या मते दोन्ही एकमेकांना वाढवतात, पण सुरुवात बहुतेकदा वेळापत्रकातून होते. दिवाळीत घरी गेल्यावर तीन-चार दिवसांत झोप आपोआप रुळावर येते का, ते आठवून बघा. येत असेल तर गडबड तुमच्या डोक्यात कमी आणि दिनक्रमात जास्त आहे.

शेवटच्या वर्षाच्या मुलींना रिसर्चसाठी हा विषय हमखास सुचतो. त्यामुळे पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली तुमच्याकडूनही कोणीतरी भरून घेतली असेल. ती १९८९ सालची आहे आणि मागच्या महिनाभराच्या झोपेबद्दल विचारते: पडल्यावर किती मिनिटांनी झोप लागली, जेवताना किंवा गाडी चालवताना जागं राहणं जड गेलं का, वगैरे. गुण ० ते २१, आणि ५ च्या वर गेलात तर झोप चांगली नाही. आता ती एकदा स्वतःसाठी भरा, सीनियरचा नमुना पूर्ण करायला नव्हे. मोबाइलचं त्यात नावही नाही. घरचे मात्र सगळा दोष मोबाइललाच देतात.

माझा खरा संशय दुपारच्या झोपेवर आणि रात्रीच्या फाइलवर आहे. सकाळची ड्युटी, मग लेक्चर, खोलीवर आलं की अंग टाकायचं ते थेट सहा-साडेसहाला उठायचं. मग चहा, जेवण, आणि दहानंतर फाइलमध्ये केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहायला बसायचं. जागेपणी मेंदूत झोपेची जी ओढ साठत जाते ती तुम्ही संध्याकाळीच खर्च करून टाकता, रात्री अकराला ती येणार कुठून? त्यात कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातचा चहा बारापर्यंत अर्धा अंगात असतो. दुपारी झोपा, पण गजर लावून वीस-तीस मिनिटं, आणि चारच्या आत. फाइल संध्याकाळी उजेडात उरका. केस स्टडीची माहिती वॉर्डातच कच्ची उतरवून घेतली तर निम्मं काम तिथंच होतं. उठायची वेळ रविवारीही फार बदलू नका. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते.

त्यात आपलं नागपूर. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि मे महिन्यात रात्री भिंतीच गरम असतात, नेमकी तेव्हाच विद्यापीठाची समर परीक्षा डोक्यावर असते. झोपण्याआधी अंघोळ, कूलरसमोरची खिडकी उघडी, पलंग भिंतीपासून दूर. पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद करून नुसती हवा घ्या, नाहीतर चिपचिप वाढते आणि झोप अजून मोडते.

नाइट पोस्टिंग लागलं तर घरी येताना काळा गॉगल लावा. स्कार्फ तर आपण बांधतोच, डोळे तेवढे उघडे राहतात, आणि सकाळच्या उन्हाने शरीराला दिवस सुरू झाल्याची खूण पटते. पहाटे चार-पाचला शरीर सगळ्यात मंद असतं, म्हणून त्या वेळचं डोस कॅल्क्युलेशन दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या, लाज कसली. परतताना डोळे मिटत असतील तर स्कूटी हॉस्पिटलातच ठेवून ऑटोने या.

वेळापत्रक सुधारूनही काही गोष्टी उरतात. पेशंटसमोर इन्चार्ज ओरडल्या, पहिला मृत्यू पाहिला, चुकीचं इंजेक्शन जाईल ही धास्ती. हे पडल्यावरच आठवतं, कारण दिवसभर त्याला जागा मिळालेली नसते. मला वहीत दोन ओळी लिहून वही बंद करण्याचा उपयोग झाला, काहींना रूममेटशी बोलून होतो. ध्यान वगैरे जमत असेल तर करा, मला कधी जमलं नाही.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल आणि तीन महिने उलटले असतील तर तो निद्रानाश धरतात. पण तितकं थांबू नका. पहाटेच जाग येऊन रडू येणं, जेवण सुटणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर आजच बोला: टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही इथंच आहे, आणि तिथं जाणाऱ्याला वेडा समजण्याचे दिवस निदान नर्सिंगवाल्यांनी तरी संपवावेत. ओपीडी सकाळची, म्हणजे ड्युटीतून सुट्टी मागावी लागेल. क्लास टीचरना आदल्या दिवशी सांगा. "मॅडम, बरं नाही, डॉक्टरला दाखवायचंय" एवढं पुरतं, कोणत्या डॉक्टरला ते सांगायची गरज नाही.