धानाच्या पैशातून गाणी काढावीत, की कंपनीला विकून टाकावीत?

नागभीड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 27, घरी चार एकर धानाची शेती. झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीत, गाणी लिहितो, चाली लावतो, गातो, आणि घरातल्याच खोलीत लॅपटॉप आणि माइकवर रेकॉर्डिंग करतो. आठ गाणी तयार आहेत. दोन वाटा दिसतात म्हणतो. एक म्हणजे नागपूरच्या स्टुडिओत पक्कं मिक्सिंग (आवाज आणि वाद्यं नीट जुळवून घेणं) आणि चार गाण्यांचे व्हिडिओ करून स्वतःच प्रसिद्ध करायचं. खर्च 1,80,000 रुपये. त्यातले 80,000 धानाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे धान विकून येणाऱ्या पैशातून, आणि बाकीचे एक लाख वडिलांच्या नावे सोसायटीतून उचललेल्या पीककर्जातून. दुसरी म्हणजे एका कंपनीला आठही गाणी 50,000 रुपयांत कायमची देऊन टाकायची. व्हिडिओ कंपनी करेल.

भाऊ, आधी पीककर्जाचं बोलतो, कारण त्याला गाण्याइतका वेळ नाही. केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते, खातं थकीत होतं, आणि पुढच्या रोवणीला सोसायटी हात आखडता घेते. गाण्याचे पैसे कधी येतील हे तुम्ही, मी, कंपनी, कुणीच सांगू शकत नाही. पीककर्जाची तारीख मात्र ठरलेली असते. त्या एक लाखाला हात लावू नका. वडिलांची सही त्यावर आहे, हेही लक्षात ठेवा.

आता हिशेब. गाणं ऐकवणारी ॲप्स एका ऐकण्यामागे ठरलेला दर देत नाहीत. महिन्याच्या जमेतून हक्कदारांचा हिस्सा काढतात आणि ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. समजा एका ऐकण्यामागे सरासरी दहा पैसे पडले, तर 1,80,000 वसूल व्हायला 18 लाख वेळा ऐकलं जावं लागेल. शिवाय स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याचे पैसे धरलेच जात नाहीत. यूट्यूबवर तुमच्या चॅनेलला जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज). चार मिनिटांचं गाणं धरलं तर पूर्ण पाहणारे 60,000 प्रेक्षक झाले. अर्धं पाहून सोडणारे असतील तर दुप्पट. हे होत नाही असं मी म्हणत नाही. झाडीपट्टीत बोलीतलं गाणं चाललं तर गावोगाव चालतं. पण पहिल्या वर्षी 1,80,000 परत येतील या आशेवर एवढा खर्च करणं मला मान्य नाही.

मग कंपनीला द्यावं का? 50,000 भागिले आठ, म्हणजे एका गाण्याला 6,250 रुपये. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो, आणि शब्द-चालीवरचा तुमच्या हयातीनंतरही 60 वर्षं. तुम्ही लिहिता, चाल लावता, गाता आणि रेकॉर्डही करता, म्हणजे दोन गाणी सोडली (त्यांचं पुढे बोलतो) तर हे सगळे हक्क आज एकट्या तुमच्याकडे आहेत. फार थोड्या कलाकारांच्या वाट्याला असं येतं. शेत वर्षभराच्या ठेक्याने देणं वेगळं आणि खरेदीखत करून देणं वेगळं. कंपनी तुमच्याकडे खरेदीखत मागते आहे.

इथे कायदा तुमच्या बाजूने उभा आहे, तो माहीत असू द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार गीतकार आणि संगीतकार गाण्याचे हक्क देऊ शकतात, पण गाणं वापरलं गेल्यावर मिळणाऱ्या रॉयल्टीतला आपला निम्मा वाटा सोडून देऊ शकत नाहीत. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात कंपनीने "रॉयल्टीवर कोणताही दावा राहणार नाही" असं लिहिलं असेल, तर ते कायद्यापुढे टिकत नाही. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर भारत. तुमच्या मसुद्यात "कायमचे, जगभरासाठी" असं स्पष्ट आहे, म्हणून ते शब्द बदलून घेणं भाग आहे. तुमचा निम्मा वाटा गोळा व्हायचा तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, गीतकार-संगीतकार म्हणून सभासद व्हा. एखादं गाणं बाहेर आलं की अर्ज करा आणि प्रत्येक नवं गाणं तिथे नोंदवत जा. सभासद नसलेल्याचे पैसे कुणी घरी आणून देत नाही.

तुमच्या आठांपैकी दोन गाणी मी आत्ताच बाजूला काढायला सांगेन. एक तुकडोजी महाराजांच्या भजनाला तुम्ही नवी चाल दिली आहे ते. महाराजांचं निर्वाण 1968 चं, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2028 अखेरपर्यंत आहे. गावातल्या भजनात ते म्हणणं वेगळं आणि पैशासाठी प्रसिद्ध करणं वेगळं. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी मिळाली तरच काढा. दुसरं, नेटवरून उतरवलेल्या बीटवर, म्हणजे तयार वाद्यसंगीतावर, गायलेलं. तीच बीट आणखी पन्नास जणांनी वापरलेली असू शकते. यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुठल्या व्हिडिओत कुणाचं गाणं वाजतंय ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, तुमचं गाणं दुसऱ्याचं ठरेल आणि वाद तुमच्या चॅनेलवर येईल. आणि हो, ज्या मित्राने ढोलकी वाजवली आहे त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या: किती मानधन दिलं, पुढे वाटा आहे की नाही, दोघांच्या सह्या. मैत्री टिकवण्यासाठीच हे आज करायचं.

उरलेल्या सहांपैकी दोन सगळ्यात सरस गाणी निवडा. नागपूरला फक्त त्यांचं मिक्सिंग-मास्टरिंग करून घ्या. व्हिडिओ नको. रोवणीचे, बांधीतले, मंडईतले (म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतले) फोटो आणि त्यावर शब्द, एवढं तुम्ही लॅपटॉपवर करू शकता, आणि बोली न समजणाऱ्यालाही शब्द वाचता येतील. सगळं मिळून 25,000 च्या वर जाऊ नका. तेही चुकारा हातात आल्यावर, घरखर्च आणि पुढच्या हंगामाचं बियाणं-खत बाजूला काढून.

गाणी ॲप्सवर पोचवणारे डिस्ट्रिब्युटर दोन तऱ्हेचे असतात. डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेतो आणि वर्गणी चुकली की गाणी उतरू शकतात. सीडी बेबी गाण्यामागे एकदाच पैसे घेतो आणि पुढे कमाईतून 9 टक्के कापतो. ज्याच्या घरी पैसा वर्षातून एकदाच येतो आणि एखाद्या वर्षी येतही नाही, त्याला दुसरी तऱ्हा सोयीची. 9 टक्के जास्त वाटतील, पण दुष्काळाच्या वर्षी गाणी उतरायला नकोत. कंटेंट आयडीची सोय घ्यायची का ते तिथे विचारतील. ती घ्या. लग्नाच्या व्हिडिओत कुणी तुमचं गाणं लावलं तर त्याचे पैसे त्यातून येऊ शकतात, तुमच्या चॅनेलचे हजार सबस्क्रायबर झालेले नसले तरी. प्रत्येक गाण्याला मिळालेला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वहीत उतरवून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच पुढे न्यायचा असतो.

खरी रोख मात्र मंडईत आणि नाटकांत आहे. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या आधी दोन गाणी फोनवर पोचली, तर कार्यक्रमाचं मानधन ठरवताना तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असेल. पहिल्या दोन वर्षांत तुमचा खर्च त्या मानधनातून निघेल, ॲप्सवरून नाही, असं माझं मत आहे. त्यानंतरची गाणी त्याच पैशातून काढा.

यूट्यूबचे पैसे सुरू झाले की दोन गोष्टी नीट करा. कमाई 10 डॉलर झाली की पडताळणीचा पिन टपालाने येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला ओळखू येईल तसा लिहा आणि त्याला आधीच सांगून ठेवा. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळलं पाहिजे. पैसे 100 डॉलर जमल्यावर सुटतात. दुसरं, कराचा फॉर्म पॅनसह भरा. भरला तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर 15 टक्के कर कापला जातो. न भरल्यास सगळ्याच कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात.

कंपनीला नाही म्हणू नका, उलट प्रस्ताव द्या. उरलेल्या चारांपैकी दोन गाणी, पाच वर्षांसाठी फक्त वापरायची परवानगी, व्हिडिओ कंपनीच्या खर्चाने, गीतकार-संगीतकार म्हणून तुमचं नाव आणि निम्मी रॉयल्टी, हिशेब दर सहा महिन्यांनी लेखी. वर्षभरात गाणी काढली नाहीत तर परवानगी रद्द, हेही लिहून घ्या. कंपनीचा माणूस आजच सही करा म्हणाला तर कराराची प्रत मागा आणि चंद्रपूर किंवा नागपूरच्या एखाद्या वकिलाला दाखवा. त्याची फी 25,000 च्या बाहेरची धरा. प्रत द्यायला तयार नसेल, तर त्या कंपनीशी पुढे बोलू नका.