वाचक विचारतात : वॉर सिमेटरीची सहल आणि माजी सैनिकाची भेट

प्रश्न : नववीच्या चाळीस मुलांना कॉमनवेल्थ वॉर सिमेटरी, म्हणजे दोन महायुद्धांतल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची दफनभूमी, दाखवायची आहे. मागच्या तुकडीने नुसते फोटो काढले. या वेळी नीट कसे करावे?

उत्तर : ‘सगळे बघा’ म्हटले की मुले काहीच बघत नाहीत. चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला कबरीवरची एकच शिळा नेमून द्या. या कबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नावासोबत प्लॉट, रांग आणि कबरीचा क्रमांक मिळतो. तो आधीच उतरवून घेतला नाही, तर निम्मा वेळ शोधाशोधीत जातो.

शिळा वरून खाली वाचायची : रेजिमेंटचे चिन्ह, सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी, मृत्यूची तारीख, वय, धर्मचिन्ह आणि तळाशी नातेवाइकांनी निवडलेली ओळ. पहिल्या महायुद्धानंतर या ओळीला ६६ अक्षरांची मर्यादा होती, त्यात शब्दांमधली मोकळी जागाही धरलेली. वर्गात ६६ चौकोन आखून दाखवा, किती तोकडी जागा ते कळेल. वय कोरलेले नसेल तर बहुधा घरच्यांकडून माहितीच आली नव्हती. मुले ती शिळा ‘अपुरी’ म्हणून सोडून देतात, तसे होऊ देऊ नका.

‘युद्ध १९४५ला संपले, मग इथे १९४६ कसे?’ हा प्रश्न हमखास येतो. कमिशन ३१ डिसेंबर १९४७पर्यंतचे मृत्यू धरते, पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१पर्यंतचे. जखमा आणि आजार तहाची वाट बघत नाहीत.

अक्षरे झिजली असतील तर पाणी शिंपडणे, खडू चोळणे, कागद लावून पेन्सिल घासणे, सगळे बंद. दगड खराब होतो. मोबाइलचा टॉर्च शिळेच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. समोरून उजेड टाकला तर उलट ते पुसट होते.

प्रश्न : शिळांवर हिंदू-शीख नावे फार थोडी दिसतात. आपले सैनिक कमी होते का?

उत्तर : कमी नव्हते. हिंदू आणि शीख सैनिकांचे बहुतेक दहन होई, म्हणून त्यांची नावे शिळेवर नसून स्मारकांच्या भिंतींवर असतात. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७००हून अधिक नावे आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ५३ जणांचे दहन झाले, त्या जागी १९२१मध्ये स्मारक म्हणून छत्री उभारली. सिमेटरीत अशी नावांची भिंत असेल तर दोन गट तिकडेच ठेवा.

प्रश्न : माजी सैनिक वर्गात येणार आहेत. मुलांनी काय विचारावे?

उत्तर : पाच-सहा प्रश्न निवडून दोन दिवस आधी त्यांना पाठवा. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर एकच येते. पाठीवर काय काय सामान होते, झोपायचे कुठे, घरचे पत्र किती दिवसांनी मिळायचे, हे विचारा. ‘किती जणांना मारले?’ कोणी ना कोणी विचारणारच, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. वीस मिनिटे बोलणे, बाकी वेळ प्रश्न. स्टेजवर न बसवता मुलांच्या जवळ खुर्ची द्या. रेकॉर्डिंग करायचे तर परवानगी घेऊनच.

त्यांच्याकडून तारीख किंवा तुकडीचे नाव चुकले तर मध्येच सुधारू नका. लिहून घ्या, आणि पुढच्या तासाला मुलांनाच कागदोपत्री नोंदीशी ताडून बघू द्या.