प्रमाणपत्र काढलं तर मुलावर शिक्का बसेल का?

प्रश्न: मुलगा नववीत आहे, वय १५. त्याला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. अभ्यासात जेमतेम, पण मामाच्या कृषी सेवा केंद्रात माल नीट लावतो, मुदत संपलेल्या बाटल्या बरोबर बाजूला काढतो. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर नोकरीत, लग्नात अडचण येईल, असं घरचे म्हणतात. काय करावं?
– एक आई, लातूर जिल्हा

उत्तर: ताई, प्रमाणपत्र काढा, आणि दहावीचा परीक्षा अर्ज भरायच्या आधी काढा. डॉक्टरांच्या फाइलमधलं निदान आरक्षणासाठी पुरत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण आरक्षणाला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर अर्ज करा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होईल.

या तपासणीतच पुष्कळ पालक चुकतात. ऑटिझमसाठी 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात. मुलाचं निरीक्षण होतं, तुम्हालाही प्रश्न विचारतात. तिथे "आमचा सगळं करतो हो" असं आई सांगते, आणि त्या 'सगळं'मागे रोज सकाळपासून तीच उभी असते. अंघोळीसाठी किती हाका माराव्या लागतात, अनोळखी माणसाने काही विचारलं तर तो काय करतो, एकटा एसटीने जाईल का, हे जसं आहे तसं सांगा. वाढवूनही नको. आठवडाभर वहीत टिपून ठेवा, आयत्या वेळी आठवत नाही.

घरच्यांची भीती मला समजते. पण प्रमाणपत्र कुठे दाखवायचं हे तुम्ही आणि तो ठरवणार. लग्नाचं म्हणाल तर ही गोष्ट लपवून जमवलेलं लग्न मला मान्य नाही.

दहावीला जादा वेळ आणि लेखनिक यांसाठी शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज जातो. मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा. पुढे सरकारी व अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या ५ टक्के जागा राखीव असतात. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांत ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता आदींच्या गटाला मिळून १ टक्का आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

आता कामाचं. माल लावणं, मुदत तपासणं हे गोदामातलं आणि औषध दुकानातलं खरं काम आहे. सुट्टीत मामाला सांगून रोजची साठा नोंदवही त्याच्याकडे द्या, मग संगणकावर तीच नोंद शिकवा. जवळच्या आयटीआयमध्ये त्याला घेऊन जा, वर्ग चालू असताना. तिथला आवाज, गर्दी त्याला झेपते का, कुठल्या टेबलापाशी तो रेंगाळतो, हे पाहा आणि अभ्यासक्रम निवडताना त्यालाच विचारा.